कानावर की कानात?

चांगला आवाज हवा असेल तर कानावर बसणारे मोठे हेडफोन आणि सोय हवी असेल तर कानात घालायचे छोटे, ही वाटणी आपल्याकडे इतकी रुळली आहे की तिच्याबद्दल कुणी पुरावा मागत नाही. मोबाइलसोबत फुकट मिळणाऱ्या इअरफोनांनी हा समज घट्ट केला. पण इन-इअर मॉनिटर, म्हणजे ज्याला शौकीन मंडळी ‘आयईएम’ म्हणतात, तो त्या फुकट्या इअरफोनांचा वंशज नाही. त्याचे घराणे वेगळे. एक शाखा श्रवणयंत्रांकडून आली. अमेरिकेतील एटिमोटिक रिसर्च या कंपनीने १९९१ मध्ये ईआर-४ बाजारात आणला, त्यात श्रवणयंत्रात असतो तसा इवलासा ‘बॅलन्स्ड आर्मेचर’ ड्रायव्हर, म्हणजे आवाज निर्माण करणारा भाग, होता आणि कंपनीचे संस्थापक मीड किलियन हे श्रवणशास्त्राचे अभ्यासक होते. दुसरी शाखा रॉक संगीताच्या रंगमंचावरची. १९९५ मध्ये जेरी हार्वी या ध्वनितंत्रज्ञाने ड्रमवादक ॲलेक्स व्हॅन हेलन यांच्यासाठी कानात बसणारे मॉनिटर घडवले आणि त्यातून अल्टिमेट इअर्स ही कंपनी उभी राहिली. म्हणजे एकीकडे बहिरेपणावर काम करणारे लोक आणि दुसरीकडे बहिरे होण्याची धास्ती असलेले वादक. कानात नेमके काय पोहोचते, याची काळजी या दोघांइतकी कुणाला असणार?

तरीही मोठ्या हेडफोनची बाजू हलकी नाही, म्हणून हा वाद दोघांच्या तोंडून ऐकलेला बरा. एक आहेत काका : निवृत्त, संध्याकाळी दार लावून शास्त्रीय संगीत ऐकणारे, उघड्या पाठीच्या, म्हणजे बाहेरची बाजू जाळीदार असलेल्या हेडफोनचे भक्त. दुसरी त्यांची पुतणी : कल्याणहून रोज लोकलने नोकरीला जाणारी, कानात आयईएम. पात्रे काल्पनिक आहेत. मुद्दे मात्र दोन्ही पंथांत खरोखर मांडले जातात तेच. आणि मधे मधे मी तोंड घालणार आहे, कारण या वादात मी तटस्थ नाही. आवाजाचा दर्जा खोक्यात भरून घरी येत नाही, तो कानाच्या पडद्यापाशी तयार होतो. तिथे काय पोहोचते, ते उपकरणाच्या आकारापेक्षा ते कसे बसले आहे आणि आपण कुठे बसून ऐकतो आहोत यावर जास्त ठरते, असे माझे म्हणणे आहे.

काका : अगं, बाहेर दिसणारा कान काय फक्त चष्म्याची काडी अडकवायला दिलाय? त्याच्या घड्यांवर आवाज आपटतो, वळतो, काही वारंवारिता उचलल्या जातात, काही दबतात, आणि त्या फरकांवरून मेंदू ओळखतो की आवाज समोरून आला, वरून आला की पाठीमागून. लहानपणापासून मेंदू आपल्याच कानांचा हा हिशेब शिकत आलेला असतो. मोठा हेडफोन निदान कानासमोर एक छोटा स्पीकर ठेवतो. आवाज त्या घड्यांतून फिरून मग आत शिरतो. तुझं यंत्र सगळा कान वगळून थेट नळीत आवाज सोडतं. आणि आकाराचं बघ. माझ्याकडे चाळीस मिलिमीटरचा पडदा, तुझ्याकडे दहाचा. एवढ्याशा पडद्यातून डग्ग्याचा घुमार कुठून येणार?

पुतणी : काका, तुम्ही दोन मुद्दे एका गाठीत बांधलेत. एक खरा आहे म्हणून दुसराही खपवताय. कानाच्या घड्यांचं नंतर बोलू, आधी डग्गा. स्पीकरला मोठा पडदा लागतो, कारण त्याला अख्ख्या खोलीतली हवा हलवायची असते. माझ्या इअरफोनला फक्त कानाच्या नळीतली एक-दोन घन सेंटिमीटर हवा हलवायची आहे, तीही सगळीकडून बंद. अशा बंद जागेत पडदा जितका सरकेल तितका दाब बदलतो. मग वारंवारिता वीस हर्ट्झ असो की दोनशे. तुमचा हेडफोन उघड्या पाठीचा. खालचे स्वर पडद्याच्या पुढून मागे निसटतात आणि एकमेकांना खाऊन टाकतात. बाससाठी मोठा हेडफोन घेणारा माणूस चुकीच्या दुकानात शिरलाय.

पुतणीचे हे म्हणणे मोजमापांवर टिकते. सेनहायझरचा एचडी ६०० हा उघड्या पाठीचा हेडफोन १९९७ पासून जवळजवळ त्याच रूपात विकला जातो आहे आणि नैसर्गिक आवाजाचे उदाहरण म्हणून आजही त्याचेच नाव घेतात. पण कोणता स्वर किती जोरात येतो हे दाखवणारा त्याचा आलेख पाहिला तर साधारण शंभर हर्ट्झच्या खाली तो उतरायला लागतो आणि वीस हर्ट्झपर्यंत पोहोचताना पार क्षीण होतो. नीट बसलेला दोन हजारांचा आयईएम तिथपर्यंत सरळ जातो. आता न्यायाने हेही सांगायला हवे की डग्ग्याच्या घुमाराचा बराचसा भाग या उताराच्या वरच असतो. तबला ऐकणाऱ्याला ही उणीव फारशी बोचत नाही. ती कळते ढोलाच्या गजरात, ऑर्गनच्या खालच्या स्वरांत आणि आजच्या चित्रपटगीतांतल्या इलेक्ट्रॉनिक बासमध्ये. तरी मोठा पडदा म्हणजे जास्त बास, हे समीकरण इथे संपते.

मात्र पुतणीच्या युक्तिवादात ‘बंद’ हा शब्द सगळे ओझे उचलतो आहे. कानाची नळी टिपने, म्हणजे इअरफोनच्या टोकाला लावायच्या मऊ टोपीने, पूर्ण बंद झाली तरच हे गणित लागू पडते. बारीकशी फट राहिली की आधी बास जातो, मग आवाज पातळ आणि टोचरा वाटू लागतो. एकच आयईएम एकाला भरीव आणि दुसऱ्याला पत्र्याच्या डब्यासारखा का वाटतो, याचे उत्तर बहुतेक वेळा अभिरुचीत नसते, टिपच्या मापात असते. खोक्यात तीन मापांच्या टिप्स असतात आणि लोक जी आधीच लावलेली असते तीच आयुष्यभर वापरतात. डाव्या आणि उजव्या कानाला वेगवेगळे माप लागू शकते, हे तर कुणी सांगतच नाही. तपासायचा उपाय सोपा आहे : गाणे चालू असताना इअरफोन बोटाने हलकेच आत दाबा. बास एकदम वाढला, तर इतका वेळ कान बंद झालेलाच नव्हता. पण काकांनी यावर हसू नये. बंद पाठीच्या मोठ्या हेडफोनलाही हीच व्याधी आहे. चष्म्याची काडी आणि केस कुशनखाली आले की त्यातूनही बास गळतो. कान पूर्ण झाकणाऱ्या हेडफोनची चाचणी करणाऱ्या अभियंत्यांना ही गळती वेगळी मोजावी लागते. फरक एवढाच की आयईएममध्ये ती टिप बदलून दुरुस्त करता येते, आणि चष्मा काही बदलता येत नाही.

काका : बरं, बास दिला तुला. पण माझा पहिला मुद्दा तू बाजूला ठेवलास तो परत घे. शास्त्रीय संगीतात बास ही गौण गोष्ट आहे. तानपुऱ्याची जवारी, गळ्याचा पोत, चाटीवरची धार, हे सगळं वरच्या पट्टीत असतं. तिथे माझ्या कानाला माझाच कान हवा.

काकांचा हा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे आणि आयईएमचे भक्त तो टाळतात, म्हणून इथे थोडे थांबू. आपल्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते, एका टोकाला पडदा आणि दुसरे टोक उघडे. अशा नळीत अडीच-तीन हजार हर्ट्झच्या आसपास अनुनाद होतो, आणि तिथले स्वर दहा ते पंधरा डेसिबलने वाढून पडद्यापर्यंत पोहोचतात. ही वाढ आपल्याला ऐकू येत नाही, कारण तीच आपली ‘सरळ रेषा’ आहे. आयईएम घातला की नळीचे उघडे टोक बंद होते. जुना अनुनाद नाहीसा होतो आणि उरलेल्या आखूड पोकळीत नवा तयार होतो, बहुधा सात ते नऊ हजार हर्ट्झच्या दरम्यान. तो नेमका कुठे बसेल हे टिप किती आत गेली आहे यावर अवलंबून. दोन मिलिमीटर आतबाहेर झाले तरी शिखर सरकते. गायकाच्या ‘स’मधला सीत्कार आणि झांजेची किनार याच पट्ट्यात असते. म्हणजे आयईएमच्या वरच्या स्वरांबद्दल दुसऱ्याने केलेले वर्णन आपल्या कानाला जसेच्या तसे लागू होण्याची शक्यता मोठ्या हेडफोनपेक्षा कमी असते. मोजमाप करणारी यंत्रेही इथे अडखळतात. कृत्रिम कानाचे प्रचलित मानक दहा हजार हर्ट्झच्या पुढे भरवशाचे धरले जात नाही.

पुतणी : मान्य. पण हरवलेला अनुनाद परत भरता येतो ना! आयईएम बनवणारा तीन हजारांजवळची ती वाढ यंत्रातच घालतो. किती घालायची, यावर हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह, टॉड वेल्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ च्या सुमारापासून वर्षानुवर्षं काम केलंय. आधी मोठ्या हेडफोनांवर, मग कानातल्यांवर. श्रोत्यांना ब्रँड कळू न देता ऐकवलं आणि बहुसंख्यांना कोणता आलेख आवडतो ते शोधलं. त्यातला एक प्रयोग तर तुमच्यासाठीच आहे. त्यांनी एकाच हेडफोनवर, इक्वलायझरच्या मदतीनं, वेगवेगळ्या हेडफोनांचे आलेख वाजवून दाखवले. खऱ्या हेडफोनांना लोकांनी जी पसंती दिली होती, तिच्याशी या सोंगांची पसंती बरीचशी जुळली. म्हणजे आपल्याला जे ‘व्यक्तिमत्त्व’ वाटतं ते मुख्यतः फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स आहे.

काका : हार्मन म्हणजे जेबीएल आणि एकेजी विकणारी कंपनी. दूध चांगलं आहे की नाही हे गवळ्याला विचारतेस?

पुतणी : गवळी जर म्हणाला की महाग दूध चांगलंच असतं असं नाही, तर मी ऐकेन. कंपनीच्या सोयीचा निष्कर्ष ‘जास्त पैसे, जास्त ड्रायव्हर, जास्त दर्जा’ हा झाला असता. निघालं उलटंच. आणि तुम्हाला हार्मन नको असेल तर येरून ब्रीबार्ट यांचा २०१७ चा अभ्यास घ्या. अमेरिकेच्या ध्वनिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात आलाय. २८३ हेडफोन, कानावरचे आणि कानातले दोन्ही. किंमत आणि फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स यांच्यात संबंध सापडला नाही.

या दोन्ही अभ्यासांतून किती घ्यावे आणि किती घेऊ नये, हे नेमके ठरवले पाहिजे. बहुसंख्यांची पसंती म्हणजे सगळ्यांची नव्हे. हार्मनच्याच चाचण्यांत काही श्रोत्यांना बास कमी हवा होता, काहींना जास्त. त्यांचे प्रयोग प्रामुख्याने पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतावर झाले. तानपुऱ्याच्या जवारीला तोच आलेख सर्वोत्तम, असे त्यावरून सिद्ध होत नाही. पण एक गोष्ट निश्चित हाती लागते. ‘मोठ्या हेडफोनात पोत असतो, छोट्यात नसतो’ अशा वाक्यांना भौतिक आधार हवा असेल, तर तो शेवटी कोणती वारंवारिता किती जोरात पोहोचते यातच शोधावा लागतो. भारतीय वाद्यांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्येच दाखवून दिले होते की आपल्या चर्मवाद्यांवरच्या शाईमुळे त्यांचे उपस्वर सुसंवादी होतात, म्हणून तबला सुरात लागतो. उजव्या तबल्याचे हे मुख्य उपस्वर दोन-अडीच हजार हर्ट्झच्या आतच येतात. त्यांचे एकमेकांशी असलेले प्रमाण हेडफोनने बिघडवले की तबला तबल्यासारखा वाटत नाही, मग पडदा चाळीस मिलिमीटरचा असो की दहाचा. हा मधला पट्टा आज स्वस्त आयईएमही नीट सांभाळतात. वरच्या पट्ट्यात काकांचा हेडफोन अधिक भरवशाचा, हे मी त्यांना देऊन टाकतो. पण आयईएमच्या त्या सरकत्या शिखरावरही इलाज आहे : मोबाइलवरच्या टोन जनरेटरने पाच हजारांपासून दहा हजारांपर्यंत स्वर हळूहळू सरकवायचा, जिथे तो अचानक टोचेल ती वारंवारिता टिपायची आणि इक्वलायझरमध्ये तेवढीच काही डेसिबलने खाली आणायची. काका म्हणतील, गाणे ऐकायचे की प्रयोगशाळा चालवायची? तक्रार रास्त आहे. पण हे एकदाच करावे लागते.

काका : आणि अवकाशाचं काय? माझ्या हेडफोनात तबला डावीकडे थोडा दूर बसतो, गायक समोर, हार्मोनियम उजवीकडे. तुझ्या कानात सगळी मैफल डोक्याच्या आत कोंबलेली.

पुतणी : तुम्ही जे ऐकता त्यातलं किती स्टिरिओ आहे? गदिमा आणि सुधीर फडक्यांचं गीतरामायण १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून सुरू झालं, ते मोनो. त्याआधीच्या नाट्यसंगीताच्या सगळ्या तबकड्या मोनो. जुन्या मैफलींची ध्वनिमुद्रणंही बरीचशी मोनो. दोन्ही कानांत तोच आवाज असेल तर डावं-उजवं कुठून येणार?

पुतणीचा टोला अचूक बसला आहे, पण तो प्रश्न संपवत नाही. मोनो ध्वनिमुद्रणात डावे-उजवे नसते हे खरे. तरी तो आवाज डोक्याच्या मध्यावर चिकटलेला वाटतो की किंचित बाहेर सरकलेला, यात उघड्या पाठीचा मोठा हेडफोन थोडा वरचढ ठरतो, कारण बाह्यकर्ण वापरात असतो आणि कान बंद झाल्याची भावना नसते. ‘थोडा’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे. स्टिरिओ संगीत स्पीकरसाठी मिसळलेले असते. खोलीत डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानातही जातो. हेडफोनमध्ये, मग तो कोणताही असो, हे होत नाही. ही उणीव भरून काढायचे मार्ग बेंजामिन बाउअर यांनी १९६१ मध्ये आणि झीगफ्रीड लिंकविट्झ यांनी १९७१ मध्ये सुचवले, आणि ‘क्रॉसफीड’ या नावाने ते आज अनेक ॲपमध्ये फुकट मिळतात. मैफल समोर बसलेली ऐकायची असेल तर साधे दोन स्पीकर कुठल्याही हेडफोनला हरवतात. या कसोटीवर कानावरचा आणि कानातला यांच्यातला फरक हा तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकातला आहे.

आतापर्यंतचा सगळा वाद शांत खोली गृहीत धरून चालला, आणि माझ्या मते खरी फसगत तिथेच आहे. धावत्या लोकलच्या डब्यात गोंगाट सत्तर-ऐंशी डेसिबलच्या घरात सहज जातो आणि त्याचा मोठा हिस्सा खालच्या वारंवारितांचा असतो. खालचा गोंगाट फक्त बास बुडवत नाही. तो वरच्या स्वरांवरही पसरतो. विलंबित ख्यालातली मंद्रातली आलापी आणि तानपुरा आधी बुडतात, मग गायकाचा श्वास, शेवटी उरते ती चाट आणि सम. उघड्या पाठीचा हेडफोन या गोंगाटाला दार सताड उघडे ठेवतो. बंद पाठीचा हेडफोन वरचा कलकलाट अडवतो, खालची घरघर फारशी नाही. फोमची टिप असलेला, खोल बसणारा आयईएम पंचवीस-तीस डेसिबलपर्यंत आवाज अडवू शकतो. ईआर-४ सारखे त्याहूनही अधिक. ऐंशीतून पंचवीस गेले तर उरले पंचावन्न. तेवढ्या गोंगाटात तानपुरा ऐकू येतो. वीस-तीस हजारांच्या हेडफोनचा सूक्ष्म फरक आणि हे पंचवीस डेसिबल यांची तुलनाच होऊ शकत नाही.

काका : त्यासाठी नॉइज कॅन्सलेशन आहे की. बोस कंपनीच्या अमर बोस यांना १९७८ मध्ये विमानात बसल्या बसल्या ती कल्पना सुचली म्हणतात. मोठ्या हेडफोनात घाला, घरघर बंद.

पुतणी : आता तेच तंत्र कानातल्यांतही आहे, काका. मग हा तुमच्या बाजूचा मुद्दा कसा?

बरोबर आहे, आणि त्यात भर अशी की ते तंत्र खालच्या घरघरीवरच प्रभावी असते. माणसांचे बोलणे, हॉर्न, भांड्यांचा खणखणाट शेवटी टिपनेच अडवावा लागतो. शिवाय गोंगाटाशी दर्जाचा जितका संबंध आहे तितकाच श्रवणशक्तीचाही. बाहेरचा आवाज अडवला नाही की माणूस नकळत व्हॉल्यूम चढवतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास ही मर्यादा सांगते. ९० डेसिबलवर तेवढीच मात्रा चार तासांत पूर्ण होते. रोज येऊन-जाऊन तीन तास लोकलमध्ये असणाऱ्याचे हे चार तास मंगळवारी संध्याकाळच्या आत संपतात. ‘कानात घातलेले कानाला घातक’ हे वाक्य घराघरांत ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. घातक असतो तो पडद्यापाशी पोहोचणारा दाब आणि वेळ. नीट बंद बसणारा आयईएम कमी व्हॉल्यूमवर ऐकू देतो, आणि सैल बसणारा मोठा हेडफोन व्हॉल्यूम वाढवायला लावतो. (रूळ ओलांडताना आणि रस्त्यावर चालताना मात्र दोन्ही कानांतून काढा. तिथे आवाजाच्या दर्जाचा प्रश्न येत नाही.)

सोयीगैरसोयीची यादी लांबवण्यात अर्थ नाही. मुंबई-कोकण-गोव्याच्या दमट हवेत कुशनखाली घाम साचतो आणि कृत्रिम चामड्याचे पापुद्रे सुटतात. कानातल्यात मळ अडकतो, जाळी बुजते आणि एका बाजूचा आवाज बसतो. कान बंद असताना स्वतःचे बोलणे, चावणे, पावलांचे दणके डोक्यात घुमतात, आणि ज्यांना ते सहन होत नाही त्यांनी आयईएमच्या वाटेला जाऊ नये. कानाला खाज, स्राव, संसर्ग असलेल्यांनीही नाही. दोन-तीन तास सलग ऐकायचे असेल तर बहुतेकांना मखमली कुशनचा मोठा हेडफोनच मानवतो. दुकानात जाऊन आयईएम आलटून पालटून कानात घालून पाहणे स्वच्छतेच्या कारणाने अवघड असते, ही खरेदीदाराची खरी अडचण. मोठा हेडफोन निदान डोक्यावर ठेवून बघता येतो.

आणखी एक समज मात्र खोडलाच पाहिजे, कारण तो काकांच्या बाजूचे नुकसान करतो. तीनशे ओहमच्या हेडफोनला महागडा ॲम्प्लिफायर लागतोच, असे सांगून लोकांना घाबरवले जाते. एचडी ६०० हा तीनशे ओहमचाच. त्याला एक व्होल्ट दिला तर तो ९७ डेसिबल आवाज देतो. फोनला लावायच्या साध्या डोंगलांपैकी बऱ्याचशांना एवढे व्होल्टेज देता येते. शांत खोलीत, श्रवणशक्ती सांभाळून ऐकणाऱ्याला त्यापुढे जायची गरज क्वचितच पडते. म्हणजे काकांचा मार्ग वाटतो तितका खर्चिक नाही, पण स्वस्तही नाही.

काका : म्हणजे शेवटी तू तिच्या बाजूचा.

लोकलच्या डब्यात, होय. तुमच्या खोलीत नाही. ज्याच्या घरी दार लावून रोज तासभर शांतता मिळते, जो वरच्या स्वरांबाबत चोखंदळ आहे आणि ज्याच्याकडे वीस-तीस हजार आहेत, त्याने उघड्या पाठीचा मोठा हेडफोन घ्यावा आणि पश्चात्ताप करू नये. पण अशी शांतता आपल्या शहरांत चैनीची वस्तू झाली आहे. शेजारची टीव्ही मालिका, खालचा रिक्षा स्टँड आणि स्वयंपाकघरातला मिक्सर यांच्यामध्ये बसून उघड्या पाठीच्या हेडफोनवर दहा हजार जास्त खर्च करणे म्हणजे ते दहा हजार रिक्षा स्टँडला वाहणे.

बाकीच्यांसाठी माझा सल्ला असा. आधी दीड ते तीन हजारांचा, मोजमापांत चांगला ठरलेला, एकाच ड्रायव्हरचा वायरवाला आयईएम घ्या. मूनड्रॉप, ट्रूथइअर, सेव्हनहर्ट्झ यांसारख्या चिनी कंपन्यांनी या किमतीत आज जे दिले आहे ते पंधरा वर्षांपूर्वी मिळत नव्हते. ड्रायव्हरच्या संख्येच्या जाहिरातीकडे दुर्लक्ष करा. ईआर-४ मध्ये एका बाजूला एकच होता. नंतर वेगवेगळ्या मापांच्या आणि फोमच्या टिप्स मागवा, आणि दोन्ही कान नीट बंद होईपर्यंत आवाजाबद्दल कोणतेही मत बनवू नका. पाच हजारांच्या आत केवळ आवाजासाठी मोठा हेडफोन घेऊ नका. त्या किमतीत बहुतेक पैसा कुशन, पट्टी आणि रंगरंगोटीत जातो. फोनला जॅक नसेल, तर डोंगलचे पैसे आधीच वेगळे काढून ठेवा.